बाकड्याच्या जागी ठिय्या

माझ्या बाबांनी उमेदीच्या काळात इतके ठिय्ये मारले की आमच्या नगरपालिकेच्या पायरीला त्यांच्या मापाचा खळगा पडला. खोटं वाटत असेल तर जाऊन बसून बघा. मी बसलोय, मला तो सैल होतो.

ते सिंगापुरात, बुकित पंजांगला आमच्याकडे राहायला आले आणि आठवड्यातच ब्लॉकखालचं त्यांचं लाडकं बाकडं कुणीतरी उचलून नेलं.

"तक्रार करतो ना, बाबा."

"तक्रार फायलीत जाऊन झोपते रे." रिकाम्या जागेवर पेपर अंथरून ते बसले.

"आजोबा, कॅनॉट लाह!" माझी लेक किंचाळली.

मला तर माझा नोकरीचा एम्प्लॉयमेंट पास रद्द झालेलाच दिसला. "बाबा, इथं परवानगीशिवाय आंदोलन चालत नाही!"

"घोषणा दिली का मी? नुसता बसलोय."

"मग ठिय्या कुठाय?"

"मनात."

शेजारच्या चिनी आंटीला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. ती स्टूल घेऊन धावली. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःसाठीही स्टूल आणलं. मग अख्खं पश्चिम सिंगापूर तिथं बसायला लागलं. म्हणजे पाच-सहा म्हातारे, पण आवाज तेवढा होता.

शेवटी टॅबलेट घेतलेला टाउन कौन्सिलचा एक साहेब आला. "थँक यू फॉर युअर फीडबॅक, अंकल."

बाबा भडकले. "सांग त्याला, मी फीडबॅक दिलेला नाही. ठिय्या दिलाय!"

ठिय्याला इंग्रजी शब्द शोधेपर्यंत साहेब सांगून मोकळा झाला: बाकडं रंगवायला नेलं होतं, परत येणारच होतं.

आणि आलंही. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे मी जिंकलो की नाही?"

"तुम्ही बसलात म्हणून कदाचित लवकर आलं असेल."

"विजय कदाचित असतो का रे?"

मला काय माहीत? मी आयुष्यात फक्त खुर्चीवर बसलोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांबरोबर खाली गेलो तर बाकड्याच्या कोपऱ्यात कुणी नवखा गृहस्थ टेकलेला. आंटीनं त्याच्या खांद्यावर टकटक केलं. "दिस वन अंकल सीट." तो बिचारा माफी मागत उठला.

जन्मभर राखीव खुर्च्यांविरुद्ध ओरडलेले बाबा त्या रिकाम्या कोपऱ्यापुढे थिजले. "अरे, म्हणजे आता मीच कचेरी झालो की काय?"

त्यांनी बाकड्याशेजारी पुन्हा पेपर अंथरला आणि खाली बसले. कुणाविरुद्ध, ते त्यांनाही सांगता येईना.

आंटी स्टूल आणायला धावली.