गप्प बसण्याचा ठराव

होय कसं म्हणायचं असतं, हे सुमंगला पेडण्याकडच्या आपल्या माहेरी शिकली. तिचे वडील बाबुराव देवळात गाऱ्हाणं घालायचे. हातात नारळ, डोळे देवाकडे, आणि एका दमात सगळ्या गावाची मागणी: मुलंबाळं सांभाळ, गुरंढोरं राख, शेताला पाणी दे. प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे मोठ्याने म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" ती लहान असताना एका वर्षी बाबुरावांनी गाऱ्हाण्यात नव्या वाटेचं घातलं. वाट दोन घरांच्या काजूबागेतून जाणार होती. लोक गप्प राहिले. बाबुरावांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. लोक पुन्हा गप्प. त्यांनी घसा खाकरला आणि पावसाच्या मागणीवर गेले. कुणी विरोध केला नाही, कुणाचं भांडण झालं नाही, आणि ती वाटही झाली नाही.

लग्न होऊन ती मयेला आली. नवरा सगुण खाणीच्या ट्रकवर क्लीनर होता, पुढे ड्रायव्हर झाला. ती इतर बायकांबरोबर खनिजाच्या पाट्या वाहायची. धाकटी पल्लवी रांगत होती तेव्हा तिला ताडपत्रीखाली निजवून ती कामाला लागायची. एकदा मागे येणारा ट्रक त्या ताडपत्रीपाशी कसाबसा थांबला. दुसऱ्या दिवशी सुमंगला कामावर गेली नाही. घराच्या सोप्यावर तिने पल्लवीला ठेवलं, शेजारणीने आपला मुलगा आणून ठेवला, आणि चतुर्थीपर्यंत सोपा भरून गेला. मयेचं पाळणाघर असं सुरू झालं. ते सेवेच्या भावनेने सुरू झालं असं पुढे भाषणांत कुणी म्हटलं की ती खाली बघायची.

पाळणाघराला आधार दिला शेजार सेवा मंडळाने. चर्चच्या माणसांनी चालवलेली ही संस्था. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत तिच्या बालवाड्या, दवाखाने आणि शिवणवर्ग होते. येणारी माणसं बहुतेक हिंदू. पाद्री लोक बाटवतील ही शंका गावाने पहिल्या एक-दोन वर्षांत काढली आणि मग सोडून दिली, कारण मुलं घरी येऊन पूर्वीसारखीच आरती म्हणत होती. मंडळाने सुमंगलाच्या वस्तीत, वाड्यावर, दोन खोल्या बांधल्या, छपराला कड्या लावून पाळणे टांगले. देखरेख सुमंगलाची, आणि मुलं सांभाळायला देवकी, तिची शेजारीण.

मग गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, हा वाद पेटला. मंडळावरची बहुतेक माणसं कोकणीची, तालुक्यांतली गावं बहुतेक मराठीची. एका संध्याकाळी पाळणाघराच्या कौलांवर दगड पडले. आत कुणी नव्हतं. दगड कुणी मारले हे वाड्याला माहीत होतं आणि पोलिसांना कुणी सांगितलं नाही. तिकडे म्हापशाला मंडळाच्या बैठकांत मतदान घेतलं की दोन तट पडायचे. शिवणयंत्रं कुठल्या गावाला द्यायची याच्यावरसुद्धा. मंडळाचे संचालक फादर झेफेरिन यांनी मतदानच बंद केलं. ते प्रार्थना म्हणत, प्रस्ताव वाचत आणि सगळ्यांना थोडा वेळ शांत बसायला सांगत. ती शांतता संपली की बैठक पुढे जायची.

गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या जूनमध्ये फादर झेफेरिन छत्री झटकत सुमंगलाच्या सोप्यावर आले.

"सुमंगलाबाय, मंडळाचा अध्यक्ष आता पाद्री नको," ते म्हणाले. "लोक म्हणतात, ही पाद्र्यांची संस्था. ते चुकीचं नाही. म्हणून तुम्ही या."

"मी सातवी पास."

"मग तुम्हाला लांब भाषण करता येणार नाही. आमच्यावर उपकार होतील."

ते गेल्यावर सगुणने विडी पेटवली. "पाद्री घराक इलो म्हणजे कायतरी मागूकच इलो. पण बस तू त्या कदेलार. कदेलार बसलेल्याचा घर कोण मोडूक येणा नाय."

सुमंगलाने तेवढंच गाठीला बांधलं. खुर्ची तिला नको होती. पाळणाघर हलू नये, एवढंच तिला हवं होतं.

तिच्या अध्यक्षतेखालची पहिली मोठी बैठक सप्टेंबरमध्ये झाली. मेजाच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला फादर, मध्ये म्हापशाचे एक डॉक्टर, एक वकील, दोन शिक्षिका आणि टिपणं घेणाऱ्या चिटणीस सिस्टर ओलिंडा. फादरनी प्रस्ताव वाचला. मयेच्या पाळणाघरात सध्या मुलं फार थोडी आहेत. कौलं फुटलेली आहेत, पुन्हा दगड पडणार नाहीत याची खात्री नाही. मांद्र्याला मासळी विकणाऱ्या आणि नव्या गेस्टहाउसांत राबणाऱ्या बायकांची मुलं दिवसभर किनाऱ्यावर असतात. तिथे जागा मिळाली आहे. मयेचे पाळणे आणि देवकी, दोन्ही मांद्र्याला पाठवावं.

सुमंगलाच्या ओठांवर उत्तर होतं. पावसात खाणी बंद, म्हणून आया घरी, म्हणून मुलं कमी; दसरा झाला की पाळणे पुरत नाहीत. पण फादर म्हणाले, "आता शांत बसू या," आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

तिने मिटले नाहीत. ती एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. डॉक्टर होय म्हणाले नाहीत. वकील होय म्हणाले नाहीत. दोघी शिक्षिका मान खाली घालून बसल्या. तीही ओठ घट्ट मिटून, पाठ ताठ करून बसली. खिडकीबाहेर पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला तरी एकही होय आलं नाही. फादर "आमेन" म्हणाले, सिस्टर ओलिंडांनी काही लिहिलं, आणि चहा आला. सुमंगलाने दोन बिस्किटं खाल्ली. बैठकीत तिने काही खाल्लं ती ही पहिलीच वेळ.

संध्याकाळी विहिरीवर बायकांनी तिला गाठलं.

"हलवूचा म्हणत होते," ती म्हणाली. "पण कोणीच व्हय म्हटलां नाय. मी तर नायच नाय."

"मगे कदेलाचो उपेग झालो गे!" देवकी म्हणाली आणि तिच्या अंगावर पाण्याचा शिंतोडा उडवला.

दसऱ्यानंतर खाणी सुरू झाल्या. पाळणाघर पुन्हा भरलं, आणि त्याच आठवड्यात वाड्यावर टेम्पो आला. पुढे ड्रायव्हरशेजारी सिस्टर ओलिंडा. दोन हमाल उतरले आणि कड्यांतून पाळणे काढू लागले. देवकी एका पाळण्याला धरून उभी राहिली. त्यात मूल झोपलेलं होतं.

सुमंगला धावत आली. "सिस्टर, हे काय?"

"मांद्र्याचं सामान. तुमच्याच बैठकीत ठरलं ना."

"कोणी होय म्हटलं?"

सिस्टर ओलिंडा गोंधळल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. "कोणी काही बोललं नाही, अध्यक्षबाई. शांततेत हरकत घ्यायची असते. कोणी घेतली नाही. तुम्हीही नाही."

वाड्यावरच्या बायका भोवती जमल्या होत्या. एवढं सगळ्यांनी ऐकलं.

"म्हणजे तू थंय होतंस," देवकी सावकाश म्हणाली, "आणि गप्प रवलंस."

"मी व्हय म्हटलां नाय गे!"

"आमका विहिरीर येगळा सांगलंस." देवकीने झोपलेलं मूल उचललं, त्याच्या आईच्या हातात दिलं आणि पाळणा हमालाकडे ढकलला. "व्हर रे बाबा. अध्यक्षांचो हुकूम आसा."

दुसऱ्या दिवशी सुमंगला म्हापशाला गेली. फादर झेफेरिननी तिचं सगळं ऐकून घेतलं. गाऱ्हाण्याचं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.

"तुम्ही बोलायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारायला हवं होतं."

"ती शांतता म्हणजे विचारणंच, बाय."

"आमच्याकडे होय म्हटल्याशिवाय देवसुद्धा कामाला लागत नाही, फादर."

ते मेजावरचा कागददाब फिरवू लागले. मांद्र्याला पाळणे टांगून झाले होते. पहिल्याच दिवशी मुलं आली होती. ते आता कुठल्या तोंडाने काढायचे? ठराव अध्यक्षांच्या समोर झाला होता आणि त्यावर अध्यक्षांनी चहा-बिस्किटंही घेतली होती.

"मग मी खुर्ची सोडते."

"सोडा. तुमच्यावर जबरदस्ती नाही." फादरनी चष्मा काढला. "पण मग या दोन तालुक्यांतलं मंडळावर कोण राहतं? मयेला पुन्हा पाळणाघर द्या असं म्हणायला उद्या कोण असेल? मी म्हणेन. माझं ऐकतील असं मला वाटत नाही. मतदान बंद केल्यापासून माझं एकट्याचं काही चालत नाही. ते मीच करून ठेवलंय."

यात धमकी नव्हती, हे तिला कळलं. धमकी असती तर उठून जाता आलं असतं.

ती खुर्चीवर राहिली. देवकी मांद्र्याला गेली नाही. दोन बस बदलून रोज कोण जाणार? ती आपल्या धाकट्या सुदेशला घेऊन खाणीवर जाऊ लागली आणि ताडपत्रीखाली त्याला निजवू लागली. येता-जाता सुमंगलाच्या सोप्यासमोर ती आवाज मुद्दाम चढवायची: "चल रे सुदेशा, आमका कदेल नाय, आमका चालूकच व्हया." सगुणला ट्रकवर पोरं विचारायची, "काय दाजी, पाद्रीणबाई बऱ्या ना?" तो घरी येऊन ते सांगायचा नाही, न जेवता निजायचा, त्यावरून तिला कळायचं. सकाळी पाणी भरायला ती इतर बायका येऊन गेल्यावर जायची. रिकाम्या खोल्यांच्या छपराला कड्या तशाच होत्या. वाऱ्याने हलण्याएवढ्या त्या हलक्या नव्हत्या.

बैठकांना ती जात राहिली. दर वेळी तिने एकच विषय काढला, मये. सुरुवातीला डॉक्टर घड्याळ बघायचे. डिसेंबरात त्यांनी विचारलं, मुलं आता नेमकी कुठे असतात? तिने ताडपत्रीचं सांगितलं. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही.

जानेवारीच्या बैठकीत फादरनी प्रस्ताव वाचला. मयेचं पाळणाघर लगेच पुन्हा सुरू करावं. सुमंगलाने मेजाची कड धरली. पण नवा माणूस आणि नवं सामान मंडळाला झेपणारं नाही. म्हणून पेडण्याकडचं एक शिवणकेंद्र बंद करावं, तिथली यंत्रं शहरातल्या वर्गाला द्यावीत आणि त्या पैशांत मये चालवावं. फादरनी गावाचं नाव घेतलं. ते तिचं माहेर होतं.

"दोन वेगळे प्रस्ताव करा," ती म्हणाली.

"करता येत नाहीत, बाय. एकातून दुसरं निघतं. मी पुष्कळ आकडेमोड केली."

"दुसरं एखादं गाव?"

"दुसऱ्या केंद्रांना जपणारं इथे कोणी ना कोणी आहे, ते हरकत घेतील. तुम्ही येण्याआधी एकदा घेतली होती." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता शांत बसू या."

तिला आता नियम माहीत होता. येताना बसमध्ये तिने "ना" मनात म्हणून पाहिलं होतं, मयेविरुद्ध काही निघालं तर म्हणायला. एका अक्षराने माहेरचं केंद्र वाचत होतं. तिथे तिची वहिनी शिवायची, विधवा झालेल्या तारामावशीचं घर त्यावर चालायचं. त्याच अक्षराने सुदेश ताडपत्रीखाली राहत होता. सगळ्यांनी डोळे मिटले होते. या खेपेला तिनेही मिटले. बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आमेन," फादर म्हणाले. सिस्टर ओलिंडांनी लिहिलं.

बातमी माहेरी सांगायला तिलाच जावं लागलं. अध्यक्षांनी स्वतः गेलेलं बरं, असं सगळ्यांचं मत पडलं. ते मात्र बोलून पडलं. ती पेडण्याला पोचली तेव्हा बाबुराव अंगणात सुपारी सोलत बसले होते. ते आता थकले होते, पण गाऱ्हाणं अजून तेच घालायचे. तिने शिवणकेंद्राचं सांगितलं. घरातलं शिवणयंत्र चालायचं थांबलं. वहिनी दारात आली.

बाबुरावांनी सुपारी खाली ठेवली. "तू थंय होतंस मा?"

"होतंय, बाबा."

"आणि व्हय म्हटलंस?"

"नाय. मी गप्प रवलंय."

"बाकीच्यांनी म्हटलां?"

"नाय. सगळे गप्प होते."

बाबुरावांचा चेहरा मोकळा झाला. त्यांनी लेकीच्या पाठीवर थाप मारली. "मगे झालांच नाय गे ता! उगीच भियवलंस आमका." ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि वहिनीला म्हणाले, "ऐकलंस मा? कोणी व्हय म्हटलां नाय. जा, तारेक सांग, नायतर ती रडत बसतली."

वहिनी पदर खोचून हसत निघालीसुद्धा. सुमंगलाने तोंड उघडलं. बाबुराव तिच्याकडे बघत होते, तिने काही म्हणायची वाट न बघता, कारण म्हणण्यासारखं काही उरलं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. वहिनी कुंपण ओलांडून तारामावशीच्या दाराशी पोचली. टेम्पो सोमवारी येणार होता.