वासण्याच्या अपीलवाल्या काकू

गुजरातमधल्या वासण्यात, आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू घरी मराठी, बाहेर गुजराती आणि संतापल्या की हिंदी बोलतात. कुणाचा आरोग्य विम्याचा दावा नाकारला गेल्याचे कानावर आले, की त्यांची हिंदी सुरू होते.

बाबांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत माझ्या एमएस्सीच्या फीचे पैसे गेले होते. कंपनीने ‘दाखल होण्याची आवश्यकता नव्हती’ असे कळवून दावा फेटाळला. बाबा म्हणाले, “जाऊ दे.” असे सोडून दिलेले पैसे देशभरात एकत्र केले तर केवढा डोंगर होईल, हे मी त्यांना शास्त्रशुद्ध समजावले. परिणाम शून्य. काकूंनी त्यांना सरळ रिक्षात बसवले.

कंपनीच्या कार्यालयात त्या कडाडल्या, “शर्ट वर करा, भाऊजी! साहब, ये टाँके शौक से लगवाए क्या?”

अधिकाऱ्याला हसू आवरेना. त्याने फेरविचाराचा अर्ज घेतला आणि पुढे पैसेही मिळाले. पण त्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा तो लिफ्टपर्यंत मागे आला. त्याच्या आईचा दावा दुसऱ्या कंपनीने असाच नाकारला होता.

“बेन, हवे शुं करुं?” आता काय करू, असे त्याने हळूच विचारले.

काकूंनी आलेली लिफ्ट सोडून दिली.