मनकर्णाबाईचं बियानं

जमीन मोजनाऱ्या टोळीत मी शिधा वाहायचो. पंधरा-पंधरा दिवस पायी चालनं, रोज नवं गाव, अन सात मानसाईचं पीठ, दाळ, गूळ माह्या पाठीवर. तवा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, अन मेहकराकडं वावराची नव्यानं मोजनी चालू होती. उंदीर काय, साऱ्या गावात सारखेच! पन माह्या पिठाले कधी उंदराचं तोंड लागलं नाही. मुक्कामाले पोचलो का गाठोडं छपराच्या आड्याले दोरीनं टांगायचं अन दोरीत नारळाची करवंटी पालथी ओवायची. दोरीवरून उतरनारा उंदीर करवंटीवरून घसरला का धपकन खाली! मोजनीचा साहेब म्हने, "निवृत्ती, तुझ्यासारखा माणूस नाही." अन मी भैताड फुगून बसायचो.

एकडाव जानेफळाच्या वाटेवर नदीत पाय घसरला अन करवंटी दगडावर आपटून फुटली. मुक्काम गावात शेषराव नावाच्या शेतकऱ्याच्या घरी होता. त्याची माय मनकर्णाबाई साठीची, वाळकी, पन आवाज कसा खनखनीत! घरात बाकी सारं सुनेच्या हाती, पेरनीचं बियानं मात्र म्हातारीकडं. तीस वर्षं तिनंच कनसं निवडली, तिनंच टांगली. आड्याले तिचा ज्वारीच्या कनसाईचा जुडगा होता, अन दोरीत करवंटी. म्या माह्या करवंटीची रीत सांगतली, तं मले गूळ-पानी देऊन म्हनली, "पाह्य बाप्पा, आपली दोघाईची अक्कल एकच निंघाली!"

दिवस मावळताना ती पान्याले गेली, अन म्या तिची करवंटी काढून माह्या दोरीत ओवली. आड्यापाशी अंधार, कोनाच्या नजरेत आलं नाही. एका रातीचा तं सवाल, सकाळी परत लावून देईन, असं मनाले समजावलं. मांगतली असती तं तिनं शेजारून दुसरी आनून देल्ली असती. पन निवृत्तीची करवंटी फुटली, हे साहेबासमोर कसं सांगू? आग लागो त्या माह्या मोठेपनाले!

सकाळी माह्यं पीठ शाबूत, अन तिच्या कनसाईखाली नुसता भुसा. दाना उरला नव्हता. कोनी उठाच्या आत करवंटी जात्यापाशी टाकली अन आंग धुवाले गेलो.

परत आलो तं सून बोलून राह्यली होती, "हे पाहा, करवंटी इथं पडून हाये! ओवलीच नाही सासूबाईनं. काही ध्यानच राह्यत नाही आता."

शेषराव म्हनला, "माय, आजपासून बियान्याले तू हात लावू नको."

म्हातारी आड्याकडं पाहात उभी होती. "ओवली होती रे," एवढंच म्हनली. मी मान खाली घालून गाठोडं बांधत राह्यलो.

पुढच्या साली मोजनी पुन्हा जानेफळाले आली. साहेबाले सांगून दुसऱ्या घरी मुक्काम केला, तरी ती मले हुडकत आली. पार खंगली होती. साहेब तिथंच बाजेवर बसला होता.

"बापू," ती म्हनली, "घरचे म्हनतात माह्यं डोस्कं फिरलं. सयपाकाले शिवू देत नाहीत, नातू मांडीवर देत नाहीत. त्या दिवशी तू घरातच होता. म्या करवंटी ओवली होती का नाही? तू सांगशीन तं शेषराव आयकन."

साहेब माह्याकडं पाहून राह्यला होता.

"नाही माय," म्या म्हनलं. "नव्हती ओवली."

तिनं हळूच मान हालवली.

"हाव? मंग फिरलंच म्हना डोस्कं." काठी टेकत पुढं झाली अन माह्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं झालं बापू, तू तरी खरं सांगतलं."