सुर्वे सरांचा अंतरा

सुर्वे सर गेले आणि मला अजून एकही गाणं पूर्ण येत नाही.

चार वर्षं क्लास केला मी. दर शनिवारी हक्काची झोप मोडून, भाईंदरहून काशीगावला रिक्षाने.

अलंकार शिकवले, आलाप शिकवले. पण गाणं म्हणाल तर हातात काय, एक स्थायी.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. स्थायी म्हणजे बंदिशीचा पहिला भाग. दुसरा अंतरा. तो वर जातो, तिथे आवाज खुलतो, ऐकणारे माना डोलावतात. थोडक्यात, मजा सगळी अंतऱ्यात असते.

आणि सरांचा नियम होता, स्थायी बसल्याशिवाय अंतरा नाही.

नियम सगळ्यांना सेम. आठ वर्षांची हेत्वी असो, पंचेचाळीसची मी असो, नाहीतर उत्तनहून दोन बस बदलून येणाऱ्या सत्तरीच्या फिलोमिना आंटी.

बंदिशही सगळ्यांना एकच. सरांनी स्वतः बांधलेली, भूप रागातली, खाडीवरच्या वाऱ्याबद्दल. दोन ओळी.

सरांच्या घरचा हॉल हाच क्लास. मे महिन्यातही पंखा बंद, का तर पंख्याचा सूर तानपुऱ्यात मिसळतो. आम्ही घामाने चिंब, आणि सर डोळे मिटून म्हणणार, "पुन्हा."

हायवेवर ट्रकने हॉर्न दिला की म्हणायचे, बघा, त्याचा सा लागला, तुमचा राहिला.

हेत्वीच्या मम्मीने एकदा विनंती केली, सोसायटीच्या फंक्शनसाठी एखादं फिल्मी गाणं बसवून द्या. सर शांतपणे म्हणाले, "पहले स्थायी." मम्मी क्लास बंदच करणार होती. हेत्वी हटून बसली म्हणून टिकली.

मी तर भांडलेय. ऑफिसच्या ॲन्युअल डेला मॅनेजरने परस्पर माझं नाव दिलं होतं. सरांना म्हटलं, अंतरा द्या, नाहीतर माझी शोभा होईल.

"वैशाली, स्थायी बसू दे. अंतरा कुठे पळून जातोय?"

झाली शोभा. स्थायी दोनदा म्हणून मी खाली बसले. लोक पुढच्या भागाची वाट बघत राहिले. शेवटी अँकरनेच टाळ्या सुरू केल्या.

फिलोमिना आंटी तरुणपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गातात. आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. त्यांनाही नाही दिला.

जिन्यात चपला घालताना आमचं दर शनिवारचं रडगाणं ठरलेलं. "मास्तर काय अंतरा देत न्हाय," आंटी म्हणायच्या. "पण वारा आलाय म्हंजे पुढं दर्या येनारच."

मला वाटायचं, अंतऱ्यात होडी असेल. हेत्वीचं म्हणणं, फ्लेमिंगो.

गेल्या मंगळवारी सकाळी चहा घेता घेता सर गेले. हार्ट अटॅक. कपात अर्धा चहा तसाच होता म्हणे.

खरं सांगू? मला आधी रडू नाही आलं. राग आला. माणसाने इतकं अर्धवट ठेवून जाऊ नये.

काल त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमलो. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, जुने, नवे. काकूंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, आधीच सांगून ठेवलं होतं की भाषणं नकोत, त्यांची बंदिश म्हणा.

मी मनात म्हटलं, चला, एवढ्या जणांत कोणाला तरी मिळालाच असेल अंतरा. निदान ऐकून तरी घरी जाईन.

कुणीतरी उठून पंखे बंद केले. कुणी सांगितलं नव्हतं.

स्थायी सुरू झाली. बारीक आवाज, फाटके आवाज, आंटींचा आवाज. दुसरी ओळ संपली, समेवर आलो.

आणि सगळा हॉल थांबला.

जो तो दुसऱ्याकडे बघतोय. सरांकडे पंधरा वर्षं शिकलेले एक गृहस्थ माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. एकालाही अंतरा दिला नव्हता त्या माणसाने.

मी काकूंकडे गेले, जवळजवळ भांडायलाच. म्हटलं, तुम्ही आतून रोज ऐकायचात, तुम्हाला तरी येत असेल.

"अगं, केलाच नव्हता त्यांनी," काकू म्हणाल्या. "शब्द नाहीत, चाल नाही. म्हणायचे, आधी स्थायी बसू दे."

"कुणाची?"

"त्यांची स्वतःची. अजून मनासारखी बसली नाही म्हणायचे."

आता यावर चिडायचं तरी कसं? इतकी वर्षं आम्ही दारात उभे, आणि आत घरच बांधलेलं नाही. एका शब्दाने बोलले नाहीत.

तेवढ्यात मागून आंटींनी पुन्हा स्थायी उचलली. हेत्वीने धरली. मग सगळ्यांनी. किती वेळ म्हणत होतो, माहीत नाही.

एका फेरीला कुणाचाच सूर हलला नाही. हायवेवर ट्रक वाजला, तरी नाही.

थांबलो तेव्हा सगळ्यांनी सवयीने समोर, सरांच्या जागी ठेवलेल्या त्यांच्या फोटोकडे बघितलं. "पुन्हा" कुणी म्हणालं नाही. तेव्हा कुठे मला रडू आलं.

सर, मी अजून चिडलेलीच आहे तुमच्यावर. पण सांगायचं राहू नये म्हणून लिहितेय.

शेवटचा नमस्कार.

काल स्थायी बसली.