मायक्रोस्कोपसाठी कबड्डी

पुण्याची माझी फार्मसीची डिग्री न्यूझीलंडमध्ये चालेना, म्हणून नव्वदच्या दशकात तिथल्या परीक्षेचा अभ्यास करता करता मी ऑकलंडच्या एका युनिव्हर्सिटीत लॅब असिस्टंट झाले. लॅबला नवा मायक्रोस्कोप हवा होता. आमच्या प्रोफेसरबाईंनी मला संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागायला बसवलं.

मायक्रोस्कोप म्हटलं की लोक फोनच ठेवायचे. शेजारच्या टेबलावर ऑकलंडच्याच मनुरेवा उपनगरातली एक बाई फोन करत होती. ती हसून म्हणाली, "आधी शनिवारच्या रग्बीचं बोल. आपल्या युनिव्हर्सिटीची टीम जिंकलीये, लोक खुशीत आहेत."

रग्बीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. घरी नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, चेंडू घेऊन कबड्डी!"

दुसऱ्या दिवशी पहिलाच फोन एका निवृत्त डॉक्टरांना लागला. "मॅच पाहिलीत?" त्यांनीच विचारलं.

"नाही हो. पण मला कबड्डी येते."

"ते काय असतं?"

मी समजावलं. ते म्हणाले, "एका श्वासात? करून दाखवा बघू!"

दाखवलं. खोलीतले बाकीचे सगळे बोलायचे थांबले. माझा दम संपला तेव्हा पलीकडून टाळ्या आल्या. डॉक्टर आजोबांनी घसघशीत देणगी दिली, पण रग्बी टीमच्या बाथरूममध्ये गरम पाणी यावं म्हणून!

प्रोफेसरबाईंनी कपाळाला हात लावला. "उद्या टीम हरली, तर तेवढंही कोणी देणार नाही," त्या म्हणाल्या. शनिवारी आम्ही दोघी छत्र्या घेऊन मैदानावर. लॅबमध्ये कधी आवाज न चढवणाऱ्या बाई रेफरीला आंधळा म्हणत होत्या. मीही मराठीत सुरू झाले, "अरे, धर त्याला! पाय ओढ!" जिंकलो कसेबसे.

सोमवारी ती बातमी सांगायला फोनवर बसले, तर घसा पार बसलेला. एका निवृत्त शिक्षिकेला फोन लागला. रग्बीतला र उमटेना. चिरक्या आवाजात एवढंच निघालं, "मायक्रोस्कोप... प्लीज."

"सुटले बाई!" त्या म्हणाल्या. "युनिव्हर्सिटीतून रग्बीशिवाय आलेला हा पहिला फोन. केवढ्याला आहे तो?"

शेजारी बसलेल्या प्रोफेसरबाईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि "शनिवारी..." अशी सुरुवात केली. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर जोरात पाय दिला. त्या कळवळल्या, पण किंमत बरोबर सांगितली.

महिन्याभरात मायक्रोस्कोप आला.