दिस मावळायच्या आत

माझी धाकटी बहीण त्रिशला नव्या गावी खेळायला पोचली की स्पर्धेच्या ऑफिसात पहिला प्रश्न विचारायची, "इथं सूर्य किती वाजता मावळतो?" लोकांना वाटायचं, पोरीला कोर्टावरच्या उजेडाची काळजी आहे. तिला काळजी असायची जेवणाची. आम्ही इस्लामपूरचे जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. व्यावसायिक टेनिस खेळत ती उझबेकिस्तानपासून ट्युनिशियापर्यंत हिंडली, पण सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नाही.

"इतकं कडक कशाला पाळतीस?" मी एकदा विचारलं.

"दादा, आईची चटणी विमानतळावर काढून घेत्यात," ती म्हणाली. "ह्ये कुणाला काढून घेता येत न्हाई."

लहानपणी आमचे वडील, आप्पा, तिला पहाटेच्या एसटीनं सांगलीला लाल मातीच्या कोर्टावर न्यायचे. पुढं ती जगाच्या यादीत आली. तिचा सगळ्यात वरचा नंबर सातशे बारावा. माझं खताचं दुकान आहे. गिऱ्हाईक पोतं उचलता उचलता विचारायचं, "काय शेठ, बहिणीचा नंबर कितवा?" मी "खेळतीय की" म्हणून वजनकाट्याकडं वळायचो. मला तो नंबर सांगायची लाज वाटायची. आज हे लिहितानाही मान खाली जाते. एकदा ती दुकानातच बसली होती. तिनंच सांगून टाकलं, "सातशे बारावा, काका."

"म्हंजे लय मागं की गं!"

"व्हय. पण रांगेत हाय," ती हसली. मी मात्र पावती फाडत राहिलो.

या खेळात मिळवलेले गुण वर्षभरच टिकतात. तोवर नवे मिळवले नाहीत, तर नाव यादीतून जातं. आप्पांना हे लगेच समजलं. म्हणाले, "उसागतच की. औंदा तोडला म्हणून पुढल्या सालाला आयता येतोय व्हय?"

तिचे शेवटचे गुण गळायचे होते त्याच आठवड्यात साताऱ्यात एक छोटी स्पर्धा होती. पहिली मॅच जिंकली तर नाव राहणार, हरली तर जाणार. इतक्या वर्षांत मी तिची एकही मोठी मॅच पाहिली नव्हती. त्या दिवशी आईनं दिलेला दशम्यांचा डबा घेऊन मोटारसायकलवरून गेलो.

मॅच दुपारची होती, पण आधीचा सामना लांबला आणि हिची सुरू व्हायलाच उशीर झाला. समोर चेन्नईची सतरा वर्षांची मुलगी. पहिला सेट त्रिशलानं घेतला, दुसरा तिनं. तिसऱ्यात पाच-पाच झाले, तेव्हा सूर्य यवतेश्वरच्या डोंगराला टेकला होता. मी दिलेला डबा त्रिशलाच्या खुर्चीजवळ तसाच. घाम पुसायला ती खुर्चीपाशी आली, तसा मी जाळीला धरून ओरडलो, "त्रिशला, दिस चाललाय! खाऊन घे!"

पंच बंगळूरचे. ते माइकवर इंग्रजीत काहीतरी बोलले. मला वाटलं, गुण सांगताहेत. तिनं माझ्याकडं पाहून फक्त मान हलवली आणि खेळायला गेली. तिची सर्व्हिस होती, गेम बरोबरीत अडकला. तेवढ्यात मी पुन्हा ओरडलो, "अगं, दोनच घास! दोनच!"

आता पंचांनी समोरच्या मुलीला गुण देऊन टाकला. बाहेरून खेळाडूला सूचना देणं तेव्हा नियमात बसत नव्हतं. 'दोनच घास' ही त्यांना खेळातली काहीतरी युक्ती वाटली. पहिल्या वेळी ताकीद होती, दुसऱ्या वेळी गुण गेला. त्रिशला पंचांकडं गेली, समजावून पाहिलं. त्यांनी हात जोडले. ती परत येऊन लायनीवर उभी राहिली आणि चेंडूला टप्पे देऊ लागली. तो गेम गेला. पुढचाही गेला. मॅच गेली, आणि सूर्यही गेला.

समोरची मुलगी जिंकूनही एकटीच बाकावर बसली होती, दमून. त्रिशलानं जाऊन डबा तिच्या मांडीवर ठेवला. "खा गं बाई," ती मराठीतच म्हणाली, "तुला रात चालती." पोरीनं शब्द न कळताही दशमी मोडली.

गाडीजवळ मी कसाबसा बोललो, "माझ्यामुळं हरलीस."

तिनं बॅग माझ्या खांद्यावर टाकली. "दादा, त्यो एक पॉइंट तू घालवलास. बाकीचे समदे मी घालवले. तुझाच तेवढा लक्षात ठिवू व्हय?" मग थांबून म्हणाली, "पर आलास ते बरं केलंस."

यादीतून नाव गेलं. पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा बाहेर पडली. वर्ष उलटायच्या आत नाव परत आलं, पार तळाला, पण आलं. पुढं गुडघ्यानं साथ सोडली, तेव्हा तिनं थांबायचं ठरवलं. आता सांगलीत त्याच लाल मातीवर शिकवते.

परवा एक गिऱ्हाईक पोतं गाडीवर टाकत म्हणालं, "शेठ, बहिणीनं खेळ सोडला म्हणं. समद्यात वरचा नंबर कितवा गाठला?"

"सातशे बारावा," मी म्हणालो. दुकानात चार माणसं होती, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "जगात."

"आरारा. लय जण पुढं की!"

"हाईत की. पर तिच्या मागं किती हाईत ते मोजायला बसा, पाव्हणं. दिस मावळंल."