वहिनीचे पॉइंट

वहिनी,

तू मेसमधून निवृत्त होतेयस म्हणून वसतिगृहाच्या मुलींनी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि तुझ्यावर लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच लिहा," म्हणाल्या. जशी काही तू अंगठेबहाद्दर. मायेची सावली वगैरे शब्द मी वापरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुझ्या गुणांची यादीही करणार नाही. मी फक्त तुझ्या क्रेडिट कार्डाची गोष्ट सांगणार आहे, कारण तुझा सगळा स्वभाव त्यात आला. आणि 'तू, तू' करत लिहायला बसले तर दर वाक्याला तू मध्ये बोलतेयस असं वाटतं, म्हणून इथून पुढे तू 'ती' आणि मी 'नणंद'. काही चुकलं तर पुस्तिका छापून झाल्यावर सांग.

वहिनी मेसवर लागली तेव्हा तिथे खाऊ घालणाऱ्यांपेक्षा खाणारेच जास्त होते. परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या साठ-सत्तर मुली, एक लांबलचक स्वयंपाकघर, तेलाने पिवळ्या पडलेल्या फरशा, आणि आधीचा व्यवस्थापक असा, की माल पुरवणाऱ्याशी त्याचं साटंलोटं. तांदूळ महागाचा, खडे फुकट. त्याला काढलं तसा रागावून पुरवठादारानेही उधारी बंद केली. संस्थेच्या कार्यालयात बिल मंजूर व्हायला महिना सहज जायचा, आणि तोवर उपाशी राहायला मुली काही तयार नव्हत्या.

पहिल्याच आठवड्यात वहिनीने पर्समधून स्वतःचं क्रेडिट कार्ड काढलं. बँकेने ते कधीतरी तिच्या मागे लागून दिलेलं, पाकिटातून बाहेरसुद्धा न आलेलं. घाऊक बाजारातल्या एका मोठ्या दुकानातून तांदूळ, तेल, बटाटे, अंडी सगळं ती त्यावर घ्यायला लागली. कार्डाचं बिल निघालं की दुसऱ्याच दिवशी मोठी खरेदी करायची, म्हणजे पैसे भरायला जवळजवळ दीड महिना मिळतो, ही गोष्ट तिला बँकेतल्या मुलीने समजावून दिली होती. तेवढ्या मुदतीत संस्थेचा चेक निघाला म्हणजे झालं.

पण चेक आपण होऊन थोडाच निघतो. तो काढायची वहिनीची स्वतःची रीत होती. ती मटारच्या शेंगांची पाटी आणि एक पातेलं घेऊन हिशेबनिसाच्या खोलीत बाकावर जाऊन बसायची आणि सोलायला लागायची. तगादा नाही, आवाज चढवणं नाही. दाणे पातेल्यात टपटप पडत. शेंगेत अळी निघाली की ती बोटावर घेऊन हिशेबनिसाला दाखवायची.

"बघा हो, केवढी गुबगुबीत आहे."

हिशेबनीस खुर्ची मागे सरकवायचा. "बाई, हे तुमच्या स्वयंपाकघरात बसून नाही का होत?"

"तिथे उकडतं. तुमच्याकडे पंखा आहे."

"चेक उद्या मिळेल तुम्हाला."

"बरं. उद्या लसूण आणते मग."

चेकवर त्याच दिवशी सही व्हायची.

कार्डावर पॉइंट साठतात, हे तिला वर्षभर माहीतच नव्हतं. मग भेटवस्तूंची एक रंगीत पुस्तिका घरी आली. टोस्टर, प्रवासी बॅगा, भिंतीवरची घड्याळं. वहिनीने ती उलगडून पानं सुटी केली आणि मेसच्या खणांत अंथरली. तिला टोस्टर नको होता. पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात विमानाच्या तिकिटांचं लिहिलं होतं, ते पान तिने खणात घातलं नाही.

नणंदेने आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेलं. ती गप्प बसते होय?

"पॉइंट म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यातला पावाचा तुकडा आहे, वहिनी."

"असेल ना, वन्सं. तुकडा खायचा आणि बाहेर यायचं."

"सगळे असंच म्हणून आत जातात."

"सगळ्यांना तुकड्याबरोबर पिंजराही आवडतो. मला फक्त तुकडा हवाय."

पिंजरा आवडणारा माणूस घरातच होता. दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, बायकोचं बघून स्वतःचं वेगळं कार्ड घेतलं आणि पहिल्याच महिन्यात एक दुर्बीण घेऊन आला.

"दुर्बीण कशाला?" वहिनीने विचारलं.

"त्यावर दुप्पट पॉइंट होते."

"मग लाव डोळ्याला आणि सांग कुठे दिसतायत ते."

मासे कापायच्या कात्रीने तिने दादाच्या कार्डाचे दोन तुकडे केले. दुर्बीण परत घ्यायला दुकानदार तयार होईना. दादा अजून तिच्यातून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहतेय का ते बघतो आणि त्या लोकांना फोन करून कळवतो. वहिनीचं म्हणणं एवढंच होतं, की पॉइंटसाठी काही विकत घ्यायचं नाही. जे नाहीतरी घ्यायचंच आहे, त्याचे पॉइंट पडले तर पडू द्यायचे. आणि बिल आलं की सगळंच्या सगळं भरायचं.

आणि तरीही एकदा फटका बसलाच. हिशेबनीस आजारी पडला, सही करणारे गृहस्थ परगावी, कार्यालयाला कुलूप. कुलपासमोर मटार सोलून काय होणार. चेक उशिरा आला आणि कार्डवाल्यांनी व्याज लावलं, वर दंड. वर्षभराच्या पॉइंटची किंमत त्या एका महिन्यात धुऊन गेली. वहिनीने ते पैसे आपल्या पगारातून भरले आणि चपला घ्यायच्या होत्या त्या पुढे ढकलल्या.

"संस्थेकडून वसूल कर की," दादा म्हणाला. "चूक त्यांची आहे."

"असू दे."

"असू दे काय? हा बाणेदारपणा कोणाला दाखवतेस?" हे नणंदेचं.

वहिनी कणीक मळायला लागली. नणंद तणतणत घरी गेली.

पुढे काही वर्षांनी वहिनीच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती समुद्रापलीकडे लेकीकडे राहते. तिच्या नजरेत मधोमध डाग पडत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. "म्हणजे मी ज्याच्याकडे बघीन तेवढंच मला दिसणार नाही," बहीण म्हणाली. "यायचं तर आता ये. उशीर केलास तर तुझं तोंड सोडून बाकी सगळी तू दिसशील."

लेकीच्या घरी राहणाऱ्या बहिणीकडे तिकिटाचे पैसे मागायचे नाहीत, आणि दादाच्या पेन्शनला विमान झेपायचं नाही. पण वहिनीचे पॉइंट जाऊन-येऊन तिकिटापुरते जेमतेम झाले होते. ती तिकीट काढणार तोच कार्डवाल्यांचं पत्रक आलं. येत्या एक तारखेपासून त्याच तिकिटाला दीडपट पॉइंट लागतील.

"पॉइंटही त्यांचे आणि फूटपट्टीही त्यांचीच," नणंद म्हणाली. "मी काय सांगत होते?"

"खरं सांगत होतात. म्हणून या आठवड्यात काढते."

नेमके त्याच आठवड्यात संस्थेचे नवे खजिनदार आले. सरळ माणूस, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेला. मेसची सगळी खरेदी एका बाईच्या खासगी कार्डावर होते हे बघून ते चरकले. त्यांनी वहिनीला बोलावून सांगितलं, की संस्थेच्या खरेदीवर मिळालेले पॉइंट संस्थेचे ठरू शकतात. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोपर्यंत त्यांना हात लावू नका. पुढच्या महिन्यात म्हणजे दर वाढल्यावर.

दादा म्हणाला, गुपचूप तिकीट काढ, पॉइंट तुझ्या नावावर आहेत, कोणाला कळतंय. नणंदही तेच म्हणाली, जरा मोठ्याने.

"चोरून गेले तर परत येऊन मेसमध्ये कुठल्या तोंडाने उभी राहू?" वहिनी म्हणाली. त्या दिवशी बटाटे सोलताना ती तेच मनात घोळवत होती. आधीचा व्यवस्थापकही म्हणायचाच, दुकानदाराने खुशीने दिलं. मग त्याच्यात आणि आपल्यात फरक काय, हे तिला स्वतःला आधी पटायला हवं होतं. खजिनदारांचं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या खोलीत गेली. पाटी नेली नाही. नणंदेला सोबत नेलं, पण एका अटीवर: तोंड उघडायचं नाही.

"तुमच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही," खजिनदारांनी सुरुवात केली.

"घ्या की शंका. मीसुद्धा काल दिवसभर घेतली." वहिनी खुर्ची ओढून बसली. "आधीचा माणूस दुकानदाराकडून घ्यायचा, त्यामुळे माल महाग पडायचा. माझे भाव दुसऱ्या दुकानांत विचारून बघा."

"विचारले. तुमचे भाव रास्त आहेत."

"मग पॉइंट कोण देतं? कार्डवाले. कशाबद्दल? मी माझ्या नावावर उधार घेते म्हणून. ती उधारी थकली तर ते कोणाच्या दारात येतील, तुमच्या की माझ्या?"

"तत्त्वतः तुमच्या, पण..."

"तत्त्वतः नाही. येऊन गेलेत." आणि तिने त्या कुलपाच्या महिन्याची हकीकत सांगितली, व्याज आणि दंडासकट.

खजिनदार समोरचे कागद उलटेपालटे करत राहिले. "याची नोंद कुठेच नाही."

"असेल कशी? मी पैसे मागितलेच नाहीत."

"का नाही मागितले? तो तुमचा हक्क होता."

"मागितले असते तर पॉइंट तुमचे झाले असते," वहिनी म्हणाली.

नणंदेला तोंड उघडायला बंदी होती, म्हणून तिने खुर्चीच वहिनीकडे वळवली. ज्याला ती इतकी वर्षं वहिनीचा फुकाचा बाणा समजत होती, तो चोख व्यवहार होता. ज्याचं व्याज त्याचे पॉइंट. वहिनीने ते तेव्हाच, चपला पुढे ढकलताना, ठरवून टाकलं होतं.

"हे तुम्ही तेव्हाच ठरवलं होतं?" खजिनदारांनीही तेच विचारलं.

"तेव्हाच. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही."

खजिनदारांनी पेनाला टोपण लावलं. "समितीला मी हेच सांगेन. तुम्ही तिकीट आज काढा. पण इथून पुढे संस्था स्वतःचं कार्ड घेईल."

"घ्यायलाच हवं. पॉइंट तुमचे, व्याज तुमचं आणि हिशेबनीसही तुमचाच. त्याच्या खोलीत मटार घेऊन तुम्ही बसायचं."

"मला मटार सोलता येत नाहीत हो," खजिनदार म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

पॉइंटचं तिकीट म्हणजे काय असतं तेही सांगायला हवं. दोन ठिकाणी विमान बदलायचं, जागा मधली, तीही शौचालयाजवळची, आणि एवढं करून फुकट म्हटलेल्या तिकिटावर कराचे पैसे रोख भरायचे. नणंदेने ते दोनदा बोलून दाखवलं. वहिनीने एकदाही मनावर घेतलं नाही.

बहिणीने दार उघडलं आणि मान वाकडी केली. समोर बघितलं की डाग आडवा यायचा, म्हणून ती लांब कुठेतरी भिंतीकडे बघत डोळ्याच्या कडेने वहिनीला न्याहाळत होती.

"जाडी झालीस," ती म्हणाली.

"कडेने दिसलं का तेवढं?"

"कडेत मावत नाहीयेस."

तीन आठवडे वहिनी बहिणीच्या समोर बसलीच नाही. बहिणीच्या डाव्या डोळ्याची कड त्यातल्या त्यात चांगली होती, म्हणून ती डाव्या बाजूला, जरा मागे सरकून बसायची. जेवतानाही तिथेच. परत आल्यावर काही दिवस ती नणंदेकडे आली तरी तिच्या डाव्या बाजूला, जरा मागे बसायची, आणि नणंदेला मान वळवून वळवून बोलावं लागायचं.

कार्डाचे पॉइंट परवडतात का, असं कोणी विचारलं तर नणंदेचं उत्तर बदललेलं नाही. नाही परवडत. शंभरातल्या नव्वद लोकांच्या घरात एकेक दुर्बीण पडलेली असते, आणि त्या नव्वदांच्या व्याजावरच बाकीच्यांची तिकिटं निघतात. सगळीच गिऱ्हाइकं वहिनीसारखी असती तर कार्डवाल्यांनी कधीच दुकान बंद केलं असतं. ज्याला स्वतःला इतकं ओळखता येतं त्याने खुशाल पॉइंट जमवावेत. नणंदेने आजवर असं माणूस एकच पाहिलंय.

वहिनी तिकडून परत निघाली तेव्हा बहिणीने तिला तीन चष्मे दिले. फ्रेमा चांगल्या, हलक्या, महागाच्या. "मला आता नंबराचा उपयोग नाही," ती म्हणाली. "तिकडे कोणाला तरी काचा बदलून दे." वसतिगृहात फळ्यावरचं नीट न दिसणाऱ्या तीन मुली वहिनीने मनात धरूनही ठेवल्या. चष्म्याचं दुकान नणंदेच्या इमारतीत तळमजल्यावरच आहे, म्हणून चष्मे तिने नणंदेकडे दिले. "वन्सं, दोन मिनिटांचं काम आहे. काचांचे किती होतील तेवढं विचारून ठेवा, मुलींना मी पाठवते."

नणंदेने ते घेतले आणि मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवले. त्यातल्या एका चष्म्याच्या बिजागरीत बहिणीचा लांब पांढरा केस अडकलेला आहे, आणि दुकानातला माणूस फ्रेम हातात घेतली की पहिल्यांदा ती पुसून काढतो, म्हणजे केस गेलाच. वहिनीने मध्ये दोनदा विचारलं. दुकान सकाळी उघडतं ते रात्रीपर्यंत उघडंच असतं, आणि नणंदेला बाहेर पडायला दुसरी वाट नाही. काचांचं अजून विचारलेलं नाही.